स्पोर्ट एटीव्हीतील बिग-बोअर

स्पोर्ट एटीव्हीतील बिग-बोअर : शर्यतीसाठी, वाळूच्या टेकड्यांवर किंवा मोकळ्या रानात वेगाने चालवण्यासाठी बनवलेल्या चारचाकी एटीव्हीच्या (‘ऑल-टेरेन व्हेइकल’, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारे फुगीर टायरांचे उघडे वाहन) इंजिनात मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचा पिस्टन आणि त्याला जुळणारे सिलिंडर बसवून घनक्षमता वाढवण्याची पद्धत. झिजलेले सिलिंडर पाव-पाव मिमी.ने बोअर करून (आतून कोरून) ओव्हरसाइज पिस्टन टाकणे ही दुरुस्ती झाली. ती यात धरत नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिनांत बिग-बोअरने व्यास सहसा दोन ते सहा मिमी. वाढतो. व्यास तसाच ठेवून क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) बदलून पिस्टनची चाल वाढवली तर त्या इंजिनाला ‘स्ट्रोकर’ म्हणतात. दोन्ही बदल एकत्र केलेली इंजिनेही पुष्कळ आहेत.

उगम : या प्रथेचा आरंभ कुठून धरायचा याबद्दल एकवाक्यता नाही. होंडाची यूएस९० ही फुगीर टायरांची तीनचाकी १९७० मध्ये अमेरिकेत आली आणि पुढच्या एटीसी मालिकेचा पाया तिने घातला. त्या मालिकेतील एटीसी२५०आर हे टू-स्ट्रोक यंत्र १९८१ चे. एका मतानुसार सपाट मातीच्या धावपट्टीवरील तीनचाकी शर्यतींतच सिलिंडर मोठे करण्याची सवय रुजली आणि चारचाकींनी ती आयती उचलली. दुसरे मत उगम त्याहून मागे, मोटरसायकलींच्या दुनियेत नेते. जपानी टू-स्ट्रोक मोटरसायकलींची सिलिंडरे, पोर्ट (हवा-इंधन आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची छिद्रे) आणि हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) बदलणारे कारागीर आणि छोटे कारखाने आधीपासून होतेच. एटीव्हीमुळे त्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, इतकेच. तिसरे मत चारचाकी स्पोर्ट एटीव्हीलाच आरंभबिंदू मानते : सुझुकी एलटी२५०आर (१९८५), होंडा टीआरएक्स२५०आर (१९८६) आणि यामाहा बॅन्शी (१९८७).

बॅन्शीचा दाखला दुसऱ्या मताला बळ देतो. तिचे ३४७ सीसीचे जोड-सिलिंडर इंजिन यामाहाच्या आरझेड३५० या रस्त्यावरील मोटरसायकलीच्या वंशातले आहे, मात्र त्यातील पॉवर-व्हॉल्व्ह (धूर बाहेर जाण्याच्या पोर्टची उंची वेगानुसार बदलणारी झडप) बॅन्शीत ठेवलेला नाही. व्यास ६४ मिमी. आणि चाल ५४ मिमी. ही मापे त्याआधीच्या हवेने थंड होणाऱ्या आरडी३५० चीही होती, आणि एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात विकलेल्या राजदूत ३५० चीही तीच. महाराष्ट्रात राजदूत ३५० अजून जिवापाड सांभाळणाऱ्यांना बॅन्शीचा आवाज परका वाटू नये. आरडीच्या सिलिंडरांवर मिळवलेले कसब बॅन्शीवर उतरले, हे मानायला म्हणूनच फारशी अडचण नाही.

असे असले तरी प्रथेची सुरुवात आणि प्रथेची भरभराट या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. अमेरिकेत १९८८ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयाच्या संमतीने करार झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि मोठ्या एटीव्ही मुलांना विकण्यावर बंधने आली. टीआरएक्स२५०आर १९८९ नंतर बंद झाली, सुझुकीची ५०० सीसी एलटी५००आर १९९० नंतर आणि एलटी२५०आर १९९२ नंतर. जोरदार स्पोर्ट यंत्र म्हणून बाजारात जवळजवळ बॅन्शीच उरली. १९९९ मध्ये होंडा ४००ईएक्स येईपर्यंतच्या या कोरड्या काळात शर्यतपटू होंडाच्या जुन्याच २५०आर पुन्हा पुन्हा उभारत राहिले. त्यासाठी स्वतंत्र कारखान्यांनी सिलिंडरे, क्रँक, पुढे तर पूर्ण क्रँककेसही (क्रँक सामावणारी कवचे) ओतल्या. २५०आरची मूळ मापे ६६ × ७२ मिमी. (२४६ सीसी), ७४ मिमी. पिस्टनने ती ३१० सीसीची होते. बिग-बोअर हा स्वतंत्र व्यवसाय बहुधा याच दशकात उभा राहिला. उगमाच्या वादापेक्षा हा दुवा अधिक भक्कम वाटतो.

आकडे : घनक्षमता = ०.७८५४ × व्यासाचा वर्ग × चाल × सिलिंडरांची संख्या (मापे सेंमी.त घेतली की उत्तर सीसीत येते). व्यासाचा वर्ग होत असल्याने थोड्या वाढीनेही आकडा बराच चढतो. किटवर (पिस्टन-सिलिंडरच्या तयार संचावर) छापलेला आकडा याच सूत्रातून येतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी तो स्वतः ताडून पाहता येतो. ४००ईएक्स (८५ × ७० मिमी., ३९७ सीसी) ८७ मिमी. पिस्टनने ४१६ आणि ८८ मिमी.ने ४२६ होते. सुझुकी एलटी-झेड४०० (९० × ६२.६) ९४ मिमी.ने ४३४ वर जाते. यामाहा वायएफझेड४५०आर (९५ × ६३.४) ९८ मिमी.ने ४७८, तर रॅप्टर ७०० (१०२ × ८४, म्हणजे खरे ६८६ सीसी) १०५.५ मिमी.ने ७३४ होते. रॅप्टर ६६० साठी १०२ मिमी.चा किट लोकप्रिय होता. २००६ मध्ये आलेल्या रॅप्टर ७०० ला यामाहाने कारखान्यातूनच तो व्यास आणि तीच ८४ मिमी. चाल दिली. बॅन्शीत ६८ मिमी.ची सिलिंडरे ३९२ सीसी देतात. क्रँकची चाल ४ मिमी. वाढवली की तीच सिलिंडरे ४२१ देतात.

निवडीचे निकष : सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगला किट, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिनेच सर्वाधिक इंजिने बिघडवली आहेत. इंजिनाची ताकद त्यात दर मिनिटाला किती हवा जाते यावर ठरते. पिस्टन मोठा केला, पण हेडमधील व्हॉल्व्ह, पोर्ट आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचेच ठेवले, तर हेड तेवढीच हवा सोडते आणि ती कमी फेऱ्यांतच अपुरी पडू लागते. परिणामी मधल्या फेऱ्यांत ओढ ठळकपणे वाढते, कमाल ताकदीचा बिंदू खाली सरकतो आणि कमाल ताकद घनक्षमतेच्या प्रमाणात वाढत नाही. झाडीतल्या अरुंद वाटांवर चालवणाऱ्याला नेमकी हीच ओढ हवी असते. त्याने नुसता बोअर वाढवला तरी पैसे वसूल होतात. कॅलिफोर्नियातील ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकड्यांवर पॅडल टायर (वाळू ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे टायर) लावून चढणाऱ्याला वरच्या फेऱ्यांची ताकद लागते. त्याने आधी हेडचे पोर्टिंग (पोर्ट घासून मोठे करणे) आणि कॅम यांचा विचार करावा, मगच पिस्टनचा.

दुसरा निकष कॉम्प्रेशनचा (पिस्टन वर येताना आतील मिश्रण किती पट दाबले जाते याचा) आहे, आणि तो न कळत बदलतो. ४००ईएक्सचे मूळ गुणोत्तर ९.१ : १. म्हणजे ३९७ सीसीसाठी पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ४९ सीसी. पिस्टनचा माथा त्याच आकाराचा ठेवून ८७ मिमी. केले तर ४१६ ला ४९ ने भागून एक मिळवायचा : ९.५ : १. ८९.५ मिमी.ला (४४० सीसी) तेच १० : १ होते. वर उंच माथ्याचा पिस्टन असेल तर ११ किंवा १२ ला सहज पोचते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ११ च्या पुढे साध्या पंपावरच्या पेट्रोलवर नॉकिंगचा (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून ठोके बसण्याचा) धोका खरा आहे. पाण्याने थंड होणारी ४५० ची इंजिने त्याहून वरचे गुणोत्तर सोसतात. येथे ऑक्टेनचा (पेट्रोल नॉकिंग किती रोखते ते सांगणाऱ्या आकड्याचा) एक घोटाळा टाळायला हवा. अमेरिकन पंपावरील ९१ हा संशोधन आणि मोटर ऑक्टेन यांच्या सरासरीचा आकडा असतो, तर भारतात सांगितला जाणारा आकडा नुसता संशोधन ऑक्टेनचा. अमेरिकेचा ९१ आपल्याकडच्या सुमारे ९५-९६ बरोबर येतो. अमेरिकन किटच्या पाकिटावर ‘९१ चालेल’ असे वाचून येथे ९१ ऑक्टेनचे पेट्रोल भरणे म्हणजे पिस्टनचा माथा जाळून घेणे.

तिसरा प्रश्न सिलिंडरच्या भिंतीचा. ४००ईएक्स, २५०आर आणि बॅन्शी यांत बिडाची स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) आहे. ती लेथवाल्याकडे बोअर करून होन करता (बारीक घासून घेता) येते. स्लीव्ह पातळ होत जाते तशी उष्णतेने ती वाकडीतिकडी होण्याची आणि हेड गॅस्केटला टेकायला जागा न उरण्याची भीती वाढते. ४००ईएक्सवर ४१६ मूळ स्लीव्हमध्ये निर्धास्त मानतात. ४४० साठी जाड स्लीव्ह नव्याने बसवावी लागते. रॅप्टर ७०० आणि ४५० वर्गातील यंत्रांत ॲल्युमिनियमवरच निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. माले या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये ‘निकासिल’ या नावाने आणलेला मुलामा याच जातीचा. असे सिलिंडर बोअर केले की मुलामा जातो. मग पुन्हा मुलामा चढवणे किंवा स्लीव्ह घालणे हेच मार्ग उरतात. मुलामा उष्णता लवकर बाहेर सोडतो आणि जास्त टिकतो, म्हणून पैसे असतील तर तयार मुलामा असलेले मोठे सिलिंडर घेऊन मूळचे जपून ठेवणे शहाणपणाचे.

पिस्टन बहुतेक फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) असतात. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे १२ टक्के असल्याने तो कमी फुगतो आणि भिंतीशी कमी फट ठेवून बसवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य. तो अधिक चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून फटही जास्त ठेवावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो आणि गरम होण्याआधी जोरात फिरवला तर स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) घासतो. इंजिन वारंवार न उघडता रोज चालवायच्या यंत्राला ४०३२ सोयीचा. लेथवाल्याला सिलिंडर देताना पिस्टन सोबत द्यावा. किटच्या कागदावरील मापावर नव्हे, तर हातात असलेल्या पिस्टनच्या स्कर्टवर मायक्रोमीटर लावून आलेल्या मापावर होनिंग झाले पाहिजे. रिंगांच्या टोकांमधील फट सिलिंडरमध्ये घालूनच तपासतात.

स्ट्रोकरबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. चाल वाढली की पिस्टनचा सरासरी वेग वाढतो : ६२ मिमी. चालीच्या इंजिनात मिनिटाला १०,००० फेऱ्यांना तो सेकंदाला सुमारे २०.७ मी. असतो, ६५ मिमी.ला २१.७ मी. टू-स्ट्रोकमध्ये ४ मिमी. जादा चालीने पिस्टन २ मिमी. वर आणि २ मिमी. खाली जास्त जातो, त्यामुळे पोर्टची वेळ आणि हेडची खोली दोन्ही जुळवावी लागतात. क्रँक उघडणारच असेल तर स्ट्रोकर परवडतो. नुसत्या मोठ्या आकड्यासाठी नव्हे.

इंधन, क्लच आणि थंडावा यांची जुळणी गृहीत धरलेली असते : कार्बोरेटर असेल तर जेट (इंधन मोजून सोडणारी छिद्रे) बदलणे, इंजेक्शन असेल तर नकाशा (किती इंधन सोडायचे याचा संगणकातील तक्ता) बदलणे, क्लचला कडक स्प्रिंग.

नियम : अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनच्या एटीव्ही मोटोक्रॉस राष्ट्रीय मालिकेतील व्यावसायिक वर्ग ४५० सीसीचा आहे. ४७८ चा किट बसवलेली वायएफझेड४५०आर तेथे बाद ठरते. ज्याला पुढे शर्यत खेळायची आहे त्याने व्यास न वाढवता उंच कॉम्प्रेशनचा पिस्टन, कॅम आणि पोर्टिंग यांवर खर्च करावा.

भारत आणि महाराष्ट्र : अलिबाग-नागाव परिसरातील किंवा गोव्यातील किनाऱ्यांवर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्ही बहुतांशी लहान इंजिनाच्या असतात आणि त्यांत ताकद वाढवण्याला काही अर्थ नसतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘एटीव्ही’ म्हटले की मुलांना आठवते ती २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूरशी जोडली गेलेली बाहा एसएई इंडिया स्पर्धा, जिच्यात महाराष्ट्रातील अनेक संघ उतरतात. तेथील वाहन खरे तर नळ्यांच्या सांगाड्याची बग्गी असते. सर्वांना सारखेच इंजिन, आणि ते मूळ अवस्थेतच ठेवायचे, असा नियम असल्याने संघांचे सगळे कसब गिअर, सस्पेन्शन आणि वजन कमी करण्यात लागते. एखादा ब्रॅकेट हलका करण्यासाठी रात्रभर जागणारी ही मुले सिलिंडरला मात्र हात लावत नाहीत.