वाद्य न येणाऱ्यांचा बँड: ह्यूमन लीगची पार्श्वभूमी

'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गाणं कुठेतरी कानावर पडलेलंच असतं, रेडिओवर, एखाद्या पबमध्ये, नाहीतर ऐंशीच्या दशकावरच्या रीलमध्ये, आणि बऱ्याच जणांसाठी ह्यूमन लीग म्हणजे तेवढं एकच गाणं. पण त्या गाण्यापर्यंत पोचलेला बँड आणि सुरू झालेला बँड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, इतका की मूळचे दोघं मधेच बाहेर पडून दुसरा बँड काढून बसलेले होते. म्हणून जरा मागून सुरू करू.

शेफील्ड. उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या गिरण्या-भट्ट्यांची उतरती कळा सुरू झालेली, आणि याच गावात मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श ही दोन पोरं कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी करत होती. दोघांची ओळख मीटव्हिसल नावाच्या तरुणांच्या नाट्यप्रकल्पातली. वाद्य धड कुणालाच येत नव्हतं. आता याआधी सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा सिंथेसायझर, हे श्रीमंत रॉक बँडवाल्यांचं खेळणं होतं, किमतीच तशा असायच्या, पण सत्तरच्या मध्यावर कॉर्ग, रोलँड असल्या जपानी कंपन्यांची त्यामानाने स्वस्त मशिन्स बाजारात आली आणि पगारदार माणसाला ती घेणं जमायला लागलं. यांनी घेतली. गिटारचे कॉर्ड शिकायला वर्षं घालवण्यापेक्षा बटणं फिरवून आवाज काढणं बरं, असा सरळ हिशोब. त्याच गावात कॅबरे व्होल्टेअर हा बँड आधीपासून टेप आणि मशीन घेऊन विचित्र आवाज काढतच होता, त्यामुळे असलं काही करणं अगदीच वेडेपणा वाटत नव्हता.

यांचा पहिला बँड 'द फ्यूचर', त्यात एडी न्यूटन पण होता, पण तो 1977 मध्ये बाहेर पडला आणि गायक हवा होता. वेअरने शाळेतला मित्र फिल ओकीला विचारलं. ओकी तेव्हा हॉस्पिटलमध्ये पोर्टर होता, म्हणजे पेशंटची ट्रॉली ढकलणारा, आणि आयुष्यात कधी कुठे गायलेला नव्हता. पण गावात त्याच्या कपड्यांमुळे आणि एकूण स्टाइलमुळे लोक त्याला ओळखायचे, एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड अशी ती केसांची भानगड नंतर फार गाजली. दिसतो स्टारसारखा, गाणं काय जमेल हळूहळू, असा निवडीचा निकष! आणि गंमत म्हणजे तो निकष बरोबर निघाला. बँडचं 'ह्यूमन लीग' हे नवं नाव त्यांनी स्टारफोर्स नावाच्या सायन्स फिक्शन बोर्ड गेममधून उचललं.

जून 1978 मध्ये एडिंबराच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या लेबलवर पहिलं सिंगल आलं, 'बीइंग बॉइल्ड'. विषय काय तर रेशमाचे किडे! कोष उकळून धागा काढतात ते थांबवा, असं बुद्धाच्या नावाने सांगणारं गाणं. आपल्याकडच्या माणसाने ते शब्द नीट ऐकले तर धर्माच्या बाबतीत गडी चांगलाच गोंधळलेला आहे हे लगेच कळतं. पण खालचा तो जाडाभरडा सिंथ बेस आणि वर ओकीचा सपाट, गंभीर, जवळजवळ पुजाऱ्यासारखा आवाज, 1978 मध्ये इंग्लंडात फारसं कुणी असं करत नव्हतं. पुढे एड्रियन राइट आला तो तर वाद्य वाजवायला नाहीच, स्टेजमागे स्लाइड दाखवायला. बँडमध्ये स्लाइडवाला मेंबर. स्टेजवर हलणारं-नाचणारं कुणी नाही, टेप मशीन चालू आहे, मग लोकांनी बघायचं काय, हा खरा प्रश्न होता आणि त्यावरचं हे उत्तर.

1979 मध्ये व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने साइन केलं. नियम कडक होता, फक्त सिंथ आणि आवाज, बाकी वाद्यं नाहीत. कंपनीला ते पटेना, म्हणून एक डिस्को टाइपचं गाणं खऱ्या वाद्यांसकट 'द मेन' या वेगळ्या नावाने काढलं, त्यात मागे बायकांचे आवाज होते, आणि आज ऐकलं तर पुढच्या ह्यूमन लीगची चाहूल तिथेच लागते. चाललं नाही. 'रिप्रॉडक्शन' हा पहिला अल्बमही पडला. आणि त्याच वर्षी गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाने सिंथ घेऊनच थेट नंबर वन गाठला. आपण आधी सुरू केलं आणि मलई दुसऱ्याने खाल्ली, हे कुणालाही झोंबणारच. मे 1980 चा 'ट्रॅव्हलॉग' ब्रिटिश चार्टवर 16 पर्यंत गेला, म्हणजे वाईट नाही, पण कंपनीचं कर्ज फिटेल असंही काही नाही. (माझ्या मते तो अल्बम त्यांच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी आहे, पण हे मत फारसं कुणाचं नाही.)

पैसा नाही, यश नाही, त्यात ओकी आणि वेअरचं पटेना. ऑक्टोबर 1980 मध्ये फुटले. वाटण्या अगदी भाऊबंदकीच्या थाटात झाल्या, नाव ओकी आणि राइटकडे, पण नावाबरोबर व्हर्जिनचं कर्ज आणि ठरलेले शोसुद्धा त्यांच्याच गळ्यात, आणि वेअर-मार्शला पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतला 1 टक्का. म्हणजे ज्यांना संगीतातलं थोडंफार कळत होतं ते गेले आणि उरले कोण तर एक गायक आणि एक स्लाइडवाला. युरोपचा दौरा काही दिवसांवर. प्रेसने यांना संपवूनच टाकलं होतं.

मग ओकीने जे केलं ते आजही ऐकायला खोटं वाटतं. शेफील्डच्या क्रेझी डेझी नावाच्या नाइटक्लबमध्ये गेला, तिथे दोन मुली नाचताना दिसल्या, जोअन कॅथरॉल वय 18 आणि सुझन सली वय 17, दोघी पक्क्या मैत्रिणी, शाळकरी, आणि त्यांना थेट बँडमध्ये बोलावलं. ना गाण्याचा अनुभव ना स्टेजचा. घरच्यांची परवानगी वगैरे काढावी लागली, साहजिकच. गंमत म्हणजे या दोघींनी बँडच्या एका शोची तिकिटं आधीच काढून ठेवलेली होती. इयन बर्डन नावाचा कीबोर्डवाला घेतला आणि दौरा कसाबसा पार पाडला. जुने फॅन भडकलेले, पेपरवाले 'नाचणाऱ्या पोरी' म्हणून टर उडवत होते.

इथे खरा वळणाचा माणूस येतो, मार्टिन रशंट. मला विचाराल तर पुढच्या दीड वर्षातलं अर्धं श्रेय याचंच, पण बँडच्या फोटोत तो नसतो म्हणून विसरला जातो. पंक बँडचा प्रोड्युसर, पण याला मशीनचं वेड लागलेलं. सुरुवातीचं काम शेफील्डच्या मॉन्युमेंटल स्टुडिओत, आणि तोच स्टुडिओ वेअर-मार्शचा नवीन बँड हेवन 17 पण वापरत होता, पाळीपाळीने! फुटलेले दोन गट एकाच खोलीत, एकाच टेप मशीनवर, एक गेला की दुसरा. वातावरण इतकं नासलं की रशंटने यांना उचलून बर्कशरमधल्या स्वतःच्या जेनेटिक स्टुडिओत नेलं. तिथे रोलँडचा एमसी-8 सीक्वेन्सर होता, त्यात सूर वाजवायचे नसतात तर प्रत्येक सुराची उंची, लांबी, वेळ सगळं आकड्यांत टाइप करायचं, तासन्‌तास. शिवाय लिन एलएम-1, खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज असलेलं पहिलं ड्रम मशीन, नुकतंच बाजारात आलेलं. बोटं चालत नाहीत याने आता काही अडत नव्हतं. जो कॅलिस तर चक्क रेझिलोज या बँडचा गिटारवाला, त्याच्या हातात सिंथ दिला आणि त्याने गाणी लिहायला मदत केली.

'द साउंड ऑफ द क्राउड' 12 नंबरला, 'लव्ह अॅक्शन' 3 नंबरला, आणि ऑक्टोबर 1981 मध्ये 'डेअर' हा अल्बम, तो गेला वर थेट 1 ला. आता कंपनीला चौथं सिंगल काढायचं होतं, ते म्हणजे अल्बमचं शेवटचं गाणं, 'डोन्ट यू वॉन्ट मी'. मुलींच्या मासिकातल्या एका गोष्टीवरून ओकीला सुचलेलं, सलीच्या आवाजात उलट उत्तर देणारं. ओकीचा कडाडून विरोध. हे आमचं सगळ्यात पडेल गाणं, म्हणून तर शेवटी टाकलंय, लोकांना फसवल्यासारखं वाटेल. शेवटी सोबत एक रंगीत पोस्टर द्यायचं या अटीवर तो कबूल झाला, निदान पोस्टर तरी मिळेल लोकांना! ते गाणं ख्रिसमसला नंबर वन होतं, पाच आठवडे राहिलं, 1981 मध्ये ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल ठरलं. स्टीव्ह बॅरनने त्याचा सिनेमासारखा व्हिडिओ केला, तिकडे ऑगस्ट 1981 मध्ये सुरू झालेल्या एमटीव्हीला दाखवायला व्हिडिओ हवेच होते, आणि जुलै 1982 मध्ये गाणं अमेरिकेतही नंबर वन. मागोमाग ब्रिटिश सिंथवाल्यांची रांगच लागली तिकडे. आणि हो, चार वर्षांपूर्वी कुणी न विचारलेलं 'बीइंग बॉइल्ड' पुन्हा काढलं तर जानेवारी 1982 मध्ये तेही 6 नंबरपर्यंत. रेशमाचे किडे टॉप टेनमध्ये! त्या 1 टक्क्याचं मोलही वेअर-मार्शला आता कळलं असणार. त्याच वर्षी म्युझिशियन्स युनियनच्या लंडन शाखेने सिंथ आणि ड्रम मशीनवर बंदी घाला असा ठराव केला, म्हणजे पोटावर पाय येतोय हे वाजवणाऱ्यांना कळलेलं होतं.

रशंटने मग 'डेअर'चीच गाणी कापून जोडून 'लव्ह अँड डान्सिंग' हा रीमिक्स अल्बम केला, टेपला हजारो कट देऊन, ब्लेडने, आणि तो खरं तर आजच्या रीमिक्सच्या धंद्याचा एक पूर्वज आहे.

पण पुढचा अल्बम काही केल्या होईना. रशंट मधेच सोडून गेला. 'हिस्टीरिया' 1984 मध्ये आला तोवर हवा बदललेली, आणि त्यातल्या 'द लेबनॉन'मध्ये चक्क गिटार. (शेफील्डच्याच डेफ लेपर्ड या रॉक बँडने तीन वर्षांनी 'हिस्टीरिया' याच नावाचा अल्बम काढला आणि तो कितीतरी जास्त चालला, असो.) 1986 मध्ये व्हर्जिनने यांना मिनियापोलिसला जिमी जॅम आणि टेरी लुइस या प्रोड्युसर जोडीकडे पाठवलं. त्यांनी स्वतःची गाणी आणली, स्वतःचे गायक-वादक वापरले, आणि बँड स्वतःच्याच अल्बमवर पाहुणा झाला. वैतागून हे लोक काम संपायच्या आधीच घरी परतले. 'ह्यूमन' अमेरिकेत नंबर वन झालं. मला ते गाणं आवडतं, पण ते ह्यूमन लीगचं कितपत हा प्रश्न आहे, आवाज यांचा आणि बाकी सगळं त्या दोघांचं. त्यानंतर बर्डन गेला, राइट गेला, 1990 चा अल्बम पडला आणि व्हर्जिनने सोडून दिलं.

1995 मध्ये 'टेल मी व्हेन' 6 नंबरला गेलं, 'ऑक्टोपस' अल्बमही तितकाच वर, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मग 2001 चा 'सीक्रेट्स' आणि 2011 चा 'क्रेडो', दोन्ही फार कुणी ऐकले नाहीत. 2008 मध्ये मात्र शेफील्डच्याच हेवन 17 आणि एबीसी या बँडबरोबर एकत्र दौरा केला, म्हणजे 1980 ची भाऊबंदकी तोवर मिटलेली किंवा निदान तिकिटं विकण्यापुरती बाजूला ठेवलेली. आज बँड म्हणजे ओकी, कॅथरॉल आणि सली, बाकी वाजवणारे भाड्याचे, आणि शो भरपूर चालतात. शोच्या शेवटी बहुतेक वेळा 'टुगेदर इन इलेक्ट्रिक ड्रीम्स' होतं आणि सगळं पब्लिक गातं, आता ते तर रीतसर ह्यूमन लीगचं गाणंच नाही, ओकीने 1984 मध्ये जॉर्जिओ मोरोडर या संगीतकाराबरोबर एका सिनेमासाठी गायलेलं, आणि त्या सिनेमाचा दिग्दर्शक म्हणजे 'डोन्ट यू वॉन्ट मी'चा व्हिडिओ करणारा तोच स्टीव्ह बॅरन.