फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हान्स

केसांच्या मुळांशी पुनःपुन्हा पू होऊन कायमचे टक्कल पाडणारा, डोक्याच्या त्वचेचा दुर्मीळ व चिवट आजार. फ्रेंच वैद्य कँको यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले. तो प्रौढांना होतो, बहुधा टाळूवर किंवा डोक्याच्या मागच्या भागावर सुरू होतो. लाल पुटकुळ्या, खपल्या, खाज, दुखरेपणा ही लक्षणे. एकाच छिद्रातून ब्रशच्या झुबक्यासारखे अनेक केस निघालेले दिसले, तर या आजाराचा संशय घ्यावाच.

नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घाम, हेल्मेट, वरून घट्ट बांधलेला दुपट्टा. त्यामुळे डोक्यात फोड आले की ‘उष्णतेचे आहेत’ म्हणून तेल चोळले जाते. आजार या समजुतीआड वाढतो. पुढे टक्कल दिसू लागले की लोक त्याला चाई म्हणतात. पण चाईत केसांची छिद्रे शाबूत राहतात, केस परत येऊ शकतात. इथे छिद्रे बुजून वण उरतो आणि गेलेला केस उगवत नाही. म्हणून उशीर फार महागात पडतो.

पुवात बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडतो. मात्र तो अनेकांच्या अंगावर निरुपद्रवीपणे राहतो. रुग्णाची प्रतिकारयंत्रणा त्याला अवाजवी प्रतिसाद देत असावी, असे मानतात. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचा कंगवा-टॉवेल वेगळा काढून त्याला दुखावणे अनाठायी आहे.

निदानासाठी पुवाची तपासणी करतात, बुरशी नाही हे पाहतात आणि त्वचेचा छोटा तुकडा काढतात. तुकडा टकलाच्या मधून न घेता आजार चालू असलेल्या कडेवरून घ्यावा लागतो. जुन्या वणात फारसे काही सापडत नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

उपचारात प्रतिजैविके म्हणून डॉक्सिसायक्लिन, किंवा रिफाम्पिसिन व क्लिंडामायसिन ही जोडी सुमारे १० आठवडे देतात. रिफाम्पिसिन क्षयाचे औषध म्हणून परिचित असल्याने चिठ्ठीवर ते पाहून घरचे घाबरतात; याचा अर्थ रुग्णाला क्षय झाला असा नव्हे. उलट ते सुरू करण्याआधी क्षय नसल्याची खात्री करणे आवश्यक, कारण दडलेल्या क्षयात अपुरे औषध गेले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. या औषधाने लघवी नारिंगी होते, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही घटतो. काहींना आयसोट्रेटिनॉइन या मुरमांवरच्या औषधाचा उपयोग होतो; गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. औषध थांबल्यावर आजार अनेकदा उलटतो. केसरोपणाचा विचार तो दीर्घकाळ शांत राहिल्यावरच करतात.