गोळीची ‘पॉवर’ आणि एककांचा हिशोब

थायरॉईडची गोळी मागताना आमचे बहुतेक ग्राहक ‘पन्नासची द्या’ एवढेच सांगतात. आकडा सांगितला जातो आणि एकक राहून जाते. एरवी त्याने अडत नाही, परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक एकक आणि बाटलीवर दुसरे असले की घोटाळा होतो. हे पत्रक त्यासाठीच काढले आहे.

१ ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. वेष्टनावर मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम ही दोन एकके अनुक्रमे ‘एमजी’ आणि ‘एमसीजी’ अशी छापलेली असतात. समजा, चिठ्ठीवर लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडचे औषध) ०.०७५ मिलिग्रॅम लिहिले आहे आणि घरातील बाटली २५ मायक्रोग्रॅमची आहे. आधी ०.०७५ ला १,००० ने गुणावे, म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम होतात. मग ७५ ला २५ ने भागले की ३ गोळ्या हे उत्तर मिळते. दशांशचिन्ह एक घर जरी सरकले, तरी याच हिशोबात ३० गोळ्या निघतील. असे उत्तर आल्यास गोळी न घेता आम्हाला विचारावे. हृदयविकारावरील डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची आणि २५० मायक्रोग्रॅमची गोळी एकच आहे, तेव्हा आकडा बदललेला पाहून घाबरू नये.

ड जीवनसत्त्वाची मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. तेथे ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम होत असल्याने ६०,००० एककांच्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्षात केवळ दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व असते. हे प्रमाण अन्य औषधांना लावता येत नाही, कारण प्रत्येक पदार्थाचे एकक वेगळे ठरलेले आहे.

मेथोट्रेक्सेटबाबत गोळ्यांचा हिशोब बरोबर येऊनही चूक होऊ शकते. संधिवातासाठी ७.५ मिलिग्रॅम लिहिले असल्यास २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या होतात, पण त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात, रोज नव्हे.

हिशोबात अर्धी गोळी आली तर मध्ये रेघ असलेलीच गोळी तोडावी. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडू नये.

मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते. आम्ही ती पाकिटावर एककासह लिहून देतो. येताना जुनी पट्टी आणावी, रिकामी असली तरी चालेल. पट्टीतून थोड्याच गोळ्या कापून घेताना मात्र नाव आणि ‘पॉवर’ छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवावा.