घर्षणाचे कार्य आणि यांत्रिक ऊर्जा

एकमेकांना टेकलेले दोन पृष्ठभाग परस्परांवरून सरकू लागले किंवा सरकू पाहत असले, की त्या सरकण्याला विरोध करणारे बल म्हणजे घर्षण. सरकणाऱ्या वस्तूवर घर्षणाने केलेले कार्य (बल गुणिले बलाच्या दिशेने कापलेले अंतर) बहुधा ऋण असते, कारण बल गतीच्या उलट दिशेने असते; आणि तेवढी तिची यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज (गतीमुळे असलेली) व स्थितिज (जागेमुळे असलेली) ऊर्जेची बेरीज, घटते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घासणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांतील रेणूंच्या विस्कळीत हालचालीत ती जाते आणि पृष्ठभाग तापतात.

आडव्या जमिनीवर २ किलोग्रॅमचा ठोकळा सेकंदाला ४ मीटर वेगाने सोडला, तर त्याची गतिज ऊर्जा १६ ज्यूल. घर्षणांक, म्हणजे इथे घर्षणबल आणि ठोकळ्याचे वजन यांचे गुणोत्तर, ०.२ असेल तर घर्षणबल ३.९२ न्यूटन येते आणि ठोकळा सुमारे ४.०८ मीटर सरकून थांबतो. वस्तुमान दुप्पट केले तरी अंतर तेवढेच राहते, कारण ऊर्जा आणि घर्षण दोन्ही दुप्पट होतात. वेग दुप्पट केला तर मात्र अंतर चौपट होते.

वर उचललेली वस्तू पुन्हा मूळ जागी आणली की गुरुत्वाचे एकूण कार्य शून्य भरते. घर्षणाचे तसे नाही. खोके जमिनीवरून पुढे ढकला किंवा मागे ओढा, दोन्ही वेळा घर्षणाचे कार्य ऋणच. वाट जितकी लांब तितकी ऊर्जेची घट जास्त. म्हणून गुरुत्वाला असते तशी घर्षणाला स्थितिज ऊर्जा जोडता येत नाही.

ही उष्णता येते कुठून, हा एके काळी मोठाच प्रश्न होता. तोफेची नळी कोरताना, कोरणे चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, हे भौतिकशास्त्रज्ञ रम्फर्डने १७९८ मध्ये मांडले. तेव्हा मानत तसा उष्णता हा पदार्थात साठवलेला द्रव असता तर तो कधीतरी संपला असता. पुढे १८४० च्या दशकात इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ ज्यूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण मोजले. आज ते एका कॅलरीला सुमारे ४.१८६ ज्यूल असे मानले जाते.

घर्षणाचे कार्य नेहमी ऋणच असते, ही समजूत मात्र चुकीची आहे. सेकंदाला २ मीटर वेगाने चालणाऱ्या आडव्या पट्ट्यावर १० किलोग्रॅमचे खोके अलगद ठेवले, तर त्याला वेग देते ते घर्षणच. खोक्याला २० ज्यूल गतिज ऊर्जा मिळते, म्हणजे त्याच्यावरचे कार्य धन आहे. पण खोके पट्ट्याचा वेग गाठेपर्यंत पट्टा त्याच्याखालून घसरत असतो आणि त्यात आणखी २० ज्यूल उष्णता होते. मोटरला एकूण ४० ज्यूल जास्तीचे पुरवावे लागतात. घर्षणांक कमी असो वा जास्त, हा हिशेब बदलत नाही. उष्णता काढायची तर घर्षणबलाला खोक्याने जमिनीच्या मानाने कापलेल्या अंतराने नव्हे, तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितके घसरले त्या अंतराने गुणायचे. गल्लत होते ती इथेच.

घसरणे नसेल तर घर्षण असूनही उष्णता नाही. न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे तिथल्या स्थितिक (न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधल्या) घर्षणाचे कार्य शून्य. चाक फिरत असताना ब्रेक दाबला तर गाडीची गतिज ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या घासणाऱ्या भागांत उष्णता होते. चाक अडकून गाडी घसरली, तर तापतात ते टायर आणि रस्ता, आणि मागे काळा पट्टा उमटतो.