जन्मजात गुन्हेगार

गुन्हेगारीचे मूळ परिस्थितीत न शोधता व्यक्तीच्या शरीरात व मनोरचनेत शोधणारी उपपत्ती. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोझो (१८३५–१९०९) यांनी १८७६ मधील ग्रंथात ती मांडली. पुढे आलेला जबडा, लांब हात, मोठे कान या त्यांच्या मते उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर घसरल्याच्या खुणा होत.

उपपत्तीचा उगम जुझेप्पे व्हिल्लेला या दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियातील कैद्याच्या कवटीशी जोडला जातो. तो पाव्हियात, बहुधा १८६४ मध्ये, वारला. कवटीच्या मागच्या भागात, आतल्या बाजूने जिथे एरवी कंगोरा असतो, तिथे लोंब्रोझोंना खळगा आढळला. तो पाहताच सारे लख्ख उमगले, असे त्यांनी उतारवयात सांगितले. मात्र विचार सावकाश घडला आणि ही कथा मागाहून रंगवली गेली, हे अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. लोंब्रोझोंनी व्हिल्लेलाला दरोडेखोर म्हटले असले, तरी अलीकडील संशोधनानुसार तो किरकोळ चोर असावा. कवटी तूरिनच्या संग्रहालयात आहे. ती परत मिळावी म्हणून त्याच्या गावाने कोर्टात दावाही लावला होता.

इंग्लंडमधील तुरुंग-वैद्य चार्ल्स गोरिंग यांनी १९१३ मध्ये सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांच्या मोजमापांवरून निराळा ‘गुन्हेगार देह’ नसल्याचे दाखवले. आनुवंशिकतेला मात्र त्यांनी सोडचिठ्ठी दिली नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. जादा वाय गुणसूत्र असलेल्या पुरुषांच्या हिंसकतेचा १९६५ नंतरचा गाजावाजा १९७६ च्या डॅनिश पाहणीने बराच ओसरला.

मानसशास्त्रीय बाजूने ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये ४४ बालचोरांचा अभ्यास केला. त्यांतील १४ भावशून्य मुलांपैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. हा नमुना लहानच. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६४ मध्ये बहिर्मुखता व सदसद्विवेकाची सवय न जडणे यांवर भर दिला.

भारतातील, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा (१८७१) लोंब्रोझोंच्या प्रभावाचे फळ मानणे कालदृष्ट्या टिकत नाही. तो ग्रंथाच्या पाच वर्षे आधीचा आहे. त्यामागे व्यवसाय जातीगणिक वारशाने चालतो, म्हणून चोरीही तशीच चालणार, असे ब्रिटिश अधिकाऱ्यांचे गृहीतक होते. पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या सक्तीच्या वसाहतीत, पारधी, कैकाडी कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली आणि हजेरी सक्तीची झाली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली.