पावसाळ्यात वाढणारा तडा

मृगाच्या पहिल्याच वाऱ्यात गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घराची मागची खिडकी दोनदा जोरात आपटली. सकाळी पाहिलं तर तावदानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून दोन बोटं लांबीचा तडा तिरका वर गेला होता. काच जागच्या जागी होती. "चवथीआधी बदलून घे रे," आई म्हणाली. मी झडप हुकाने अडकवून ठेवली आणि तड्याच्या टोकाला मार्करने एक बारीक ठिपका दिला.

पुढच्या रविवारी टोक ठिपक्याच्या पुढे गेलं होतं. तिथे दुसरा ठिपका दिला, मग तिसरा. श्रावण लागला तेव्हा काचेवर मुंग्यांच्या रांगेसारखे ठिपके झाले होते आणि तडा वीतभर लांब झाला होता. त्या झडपेला मधल्या काळात कुणी हातही लावला नव्हता.

काच म्हटली की ती खळ्ळकन फुटते, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. तेही खरं आहे. जोराचा घाव बसला तर काचेतला तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. पण त्याच काचेत तडा गोगलगाईपेक्षा हळूही चालतो, आणि त्याला असं चालवतं ते पाणी. घरच्या घरी काच दुरुस्त करायची असेल तर आधी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कारण बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या पाण्याला विसरल्यामुळे.

खिडकीची काच म्हणजे मुख्यतः वाळू. तिच्यात सुमारे सत्तर टक्के सिलिका असते, बाकी सोडा आणि चुना. आतमध्ये सिलिकॉनचा अणू, मग ऑक्सिजन, मग पुन्हा सिलिकॉन, असे हात धरून सगळे अणू चहूकडे जाळं विणून बसलेले असतात. हे बंध फार मजबूत. त्यांच्या हिशेबाने पाहिलं तर काच पोलादाला मागे टाकेल एवढी बळकट असायला हवी. प्रत्यक्षात खिडकीची काच त्या हिशेबाच्या शंभराव्या भागाएवढंही बळ दाखवत नाही. असं का होतं, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि काचेवर आलेला सगळा ताण त्या ओरखड्यांच्या टोकांशी गोळा होतो. त्याने काचेचे बारीक तंतू ओढून ताणून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो जास्त बळकट निघाला, कारण त्यात मोठा ओरखडा मावायला जागाच उरत नाही.

त्याच्याही आधी, 1913 मध्ये, सी. ई. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने भोकाचं गणित मांडलं होतं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक जसजसं लांबट आणि टोकदार होत जाईल, तसतसा हा आकडा वाढतच जातो. तड्याचं टोक तर अणूंच्या मापाइतकं धारदार असतं. धातूत असं टोक थोडं दबून बोथट होतं. काचेला तशी सवलत नाही.

आता पाणी कुठून आलं? तड्याच्या टोकाशी ताणून धरलेला एक सिलिकॉन-ऑक्सिजन बंध डोळ्यांपुढे आणा. पाण्याचा रेणू इतका लहान असतो की तो थेट तिथवर पोचतो. तिथे त्या बंधाशी त्याची अभिक्रिया होते, बंध सुटतो आणि दोन्ही तुटक्या टोकांवर पाण्याचा एकेक अंश बसतो. तडा एका बंधाने पुढे सरकतो आणि ताण पुढच्या बंधावर येतो. शेल्डन वीडरहॉर्न या अमेरिकी संशोधकाने 1967 मध्ये वेगवेगळ्या आर्द्रतेत काचेतल्या तड्याचा वेग मोजून दाखवला. हवा जितकी दमट, तितका तडा जलद चालतो. त्यासाठी काचेवर पाऊस पडायलाही नको. तड्यातली फट इतकी अरुंद असते की हवेतली वाफच तिच्यात थेंब होऊन बसते. म्हणून वरून फडकं फिरवलं तरी आतलं पाणी हटत नाही.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब करू. टोक सेकंदाला एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, सरकतंय असं धरा. दिवसाला होतं मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढं, नजरेला कळणारही नाही. पण चार महिन्यांत तो एक सेंटिमीटर होतो. त्यात झडप आपटली, किंवा सरीनंतर लख्ख ऊन पडून काचेचा मध्य तापला आणि चौकटीत दडलेली कड थंडच राहिली, की तडा एकदम उडी मारतो. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भूमीत काचेतल्या तड्याला खाऊपिऊ घालायला हवा सदैव तयार असते.

इथे मला गोव्याच्या जुन्या खिडक्यांची आठवण येते. तावदानाची काच सर्रास मिळू लागण्याआधी इथल्या पोर्तुगीजकालीन घरांत लाकडी पट्ट्यांच्या खाचांत शिंपले बसवत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये हिंडलात तर अशा खिडक्या अजून दिसतात. प्लॅक्युना प्लॅसेंटा नावाच्या चपट्या शिंपल्याची ही कवचं. घासून चौकोनी केलेली, जेमतेम एखादा मिलिमीटर जाडीची. त्यातून दुधासारखा मऊ उजेड आत येतो, ऊन मात्र टोचत नाही. हा शिंपला मुरगाव तालुक्यातल्या चिखलीच्या खाडीत जिवंत सापडतो आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा जुन्या खिडकीतला शिंपला निघाला तर तो जपून ठेवा, टाकून देऊ नका.

गंमत अशी की हे कवच जवळपास शंभर टक्के कॅल्साइटचं असतं, आणि कॅल्साइट काही बळकट खनिज नव्हे. तरी त्यात खिळा रुतवला तर तडा सगळीकडे पसरत नाही, घावाच्या जागीच अडतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये त्याचं कारण दाखवून दिलं. कवच असंख्य पातळ थरांचं असतं आणि दाब आला की त्यातले स्फटिक अतिसूक्ष्म पातळीवर कलतात, थर सुटे होतात, आणि घावाची ऊर्जा तिथल्या तिथे जिरते. साध्या कॅल्साइटपेक्षा हे कवच सुमारे दहा पट ऊर्जा जिरवतं. काचेत असा थर नाही, बांध नाही. एकदा निघालेल्या तड्याला वाटेत कुणी अडवत नाही. म्हणून तो अडवायचं काम आपल्याला करावं लागतं.

त्याआधी काच कोणती ते पाहा. सरकत्या दारांची आणि न्हाणीघरातली काच बहुधा टफन केलेली असते, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबलेला आणि गाभा ताणलेला राहतो. तिला तडा जातच नाही, गेला तर सगळी काच दाणे होऊन सांडते. तिथे दुरुस्तीचा विचारच नको. साध्या काचेचंही काही वेळा तसंच समजा. तडा फाटे फोडून गेला असेल, वितीपेक्षा लांब असेल किंवा काच डोक्याच्या उंचीवर असेल तर ती सरळ बदला.

लहान, एकेरी तड्यात मात्र रेझिन, म्हणजे आधी पातळ असून नंतर कडक होणारा चिकट द्रव, भरता येतं. आमच्या देवघराच्या खिडकीला बोटभर तडा होता, तो मी असाच भरला. उघडीप मिळालेला दिवस निवडला. तड्यावर ब्रशने स्पिरिट सोडलं. ते आत ओढलं जातं, पाण्याला सोबत घेतं आणि उडून जातं. असं तीनदा केलं. मग साधा पिवळा दिवा हातभर अंतरावर तासभर लावून ठेवला. हेअर ड्रायर जवळून मारू नका, एका जागी तापलेली काच तडा स्वतःच वाढवते. मग रेझिन म्हणून सावकाश सुकणारं इपॉक्सी घेतलं, दोन नळ्यांतलं एकत्र कालवायचं असतं ते. नळ्या आधी कोमट पाण्यात ठेवल्या, त्यामुळे ते पातळ झालं. तड्यावर काडीने एक थेंब ठेवला आणि पाहत बसलो. दिव्याची वात तेल ओढते तसं रेझिन फटीत शिरत गेलं, आणि चांदीच्या तारेसारखा चमकणारा तडा एका टोकाकडून विझत गेला.

तो चमकतो कशामुळे आणि विझतो कशामुळे? काच प्रकाशाला जितकं वाकवते त्याचा आकडा सुमारे 1.52, हवेचा 1. या फरकामुळे फटीच्या दोन्ही भिंतींवरून प्रकाश परततो. इपॉक्सीचा आकडा 1.5 च्या आसपास असतो, म्हणून प्रकाशाला वाटेत भिंत लागतच नाही. काचेचा तुकडा पाण्याच्या वाटीत धरा आणि मग खोबरेल तेलाच्या वाटीत. तेलात तो कितीतरी पुसट दिसेल, कारण तेही काचेच्या जवळ जाणारं आहे. रेझिनने काच पहिल्यासारखी बळकट होत नाही, हे मनाशी धरा. त्याने तड्याचं तोंड बंद होतं, पाणी आत जात नाही, आणि टोकावरचा ताण थोडा कमी होतो. चोवीस तासांनी वरचं जास्तीचं रेझिन ब्लेडने खरवडून काढलं.

झटपट चिकटणारा गोंद या कामाला वापरू नका. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. आमच्या दमट हवेत तो फटीत उतरायच्या आतच तोंडाशी गोठतो, भोवती पांढुरकी झाक पसरते आणि काचेवर त्याची पकड फार दिवस टिकतही नाही.

मागच्या खिडकीची काच मात्र बदलावीच लागली. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या ओळी मारल्या, जाड हातमोजे आणि चष्मा घातला, आणि पटाशीने जुनी लांबी, म्हणजे काच चौकटीत पक्की करणारा लगदा, वरून खाली खरवडत आलो. तड्याच्या कोपऱ्याशी पोचलो तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. काच धरून ठेवणारी लोखंडी चूक, म्हणजे बारीक खिळा, गंजून फुगली होती, मूळच्या दुपटीहून जाड, पापुद्र्यापापुद्र्यांची. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. खाऱ्या हवेत ती चूक वर्षानुवर्षं फुगत गेली आणि काचेच्या कडेला दाबत राहिली. वाऱ्याने फक्त निमित्त केलं होतं. आता मी पितळी चुका वापरतो.

दुसरी गफलत मापात होते. काच चौकटीच्या खाचेत घट्ट बसावी असं आपल्याला वाटतं. पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं घासू लागतात तो अनुभव सगळ्यांनाच आहे. तेच लाकूड काचेलाही आवळतं. म्हणून काच लांबी-रुंदीला तीन-तीन मिलिमीटर कमी कापून घ्यावी. बाजारातल्या काचवाल्याने रॉकेलमध्ये बुडवलेलं कटरचं चाक एकदाच फिरवलं आणि लगेच दोन्ही अंगठ्यांनी काच मोडली. "रेग थंड जाली काय काच आयकना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात शास्त्र आहे. चाकाखाली काच दबते आणि तो दाब रेघेखालची भेग उघडी धरतो. थोड्या वेळाने तो आजूबाजूला बारीक कपच्या उडवून सैल होतो, आणि काच मग सरळ मोडत नाही.

लांबी घरीच मळली. खडूची पूड आणि जवसाचं तेल, भाकरीच्या पिठासारखं घट्ट. आधी लाकडाला तेलाचा एक हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि ती भुसभुशीत होऊन गळते. जवसाचं तेल सुकून नव्हे, तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. फुटलेल्या काचा वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा. पंचायतीच्या गाडीवर कचरा उचलणारा हात उघडा असतो.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मुलगा त्या खिडकीला टेकला आणि ओल्या लांबीत त्याचा अंगठा उमटला. तो मी तसाच ठेवला आहे. लांबी आतपर्यंत घट्ट व्हायला काही आठवडे लागतात, तोवर झडप आपटू द्यायची नाही. तिच्यावरचा रंग मी दिवाळीच्या तोंडावर लावला.