मधमाशी संरक्षण आणि मधपालन धोरण (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात मधमाश्या वाचवायच्या आणि मधपाळांना हात द्यायचा यासाठी एकच असा कायदा नाहीये, जे आहे ते अनुदान, प्रशिक्षण, मधखरेदी आणि औषधांचे नियम असं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे. मधपेट्या आणि खरेदी बघतं राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ, संशोधन आणि शिकवणं पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (ही 1962 पासूनची), फवारणीच्या औषधांचा विषय कृषी खात्याचा आणि जंगलातली मोहोळं वन खात्याच्या हद्दीत. माशी एकाच दिवसात जंगलातही जाते आणि फवारलेल्या शेतातही, म्हणून या सगळ्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे काम पुढे सरकणार नाही असं स्पष्ट वाटतं.

आपल्याकडे माश्या मुख्यतः आग्या, सातेरी, फुलोरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. शिवाय बारकी, डंख नसलेली पोयाची माशी. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, पेटीत राहत नाहीत, पेटीत राहतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. सातेरी इथलीच, अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी, मध कमी देते पण सह्याद्रीच्या पावसाला आणि डोंगराला सरावलेली.

या कामाचं केंद्र महाबळेश्वर. खादी मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे, आणि मंडळ हा मध 'मधुबन' नावाने विकतं. मध केंद्र योजनेत पेट्या आणि साहित्यासाठी 50 टक्के अनुदान मिळतं, उरलेले 50 टक्के मधपाळाने घालायचे, प्रशिक्षण मिळतं आणि मध हमीभावाने विकत घेतला जातो. डोंगरातल्या माणसाला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण मध काढणं जमतं पण गिऱ्हाईक शोधत शहरात फिरणं जमत नाही.

16 मे 2022 ला महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. गावातल्या बहुतेक घरांत आधीपासूनच मधपालन होतं, आजूबाजूला जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा असा फुलोरा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की तिचा गडद मध वेगळाच. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातलं भुदरगड तालुक्याचं पाटगाव आलं, मग योजना राज्यभर न्यायचं ठरलं. योजना चांगलीच आहे, पण मांघरचं यश पेट्यांपेक्षा तिथल्या जंगलाचं जास्त आहे, हे बाकीच्या गावांना लागू करताना विसरलं जाऊ नये. फुलोरा नसलेल्या गावात पन्नास पेट्या ठेवल्या तर साखरपाणी पाजत वसाहती जगवाव्या लागतात, नाहीतर माश्या पेटी सोडून निघून जातात.

आग्याचा मध पूर्वी मोहोळ जाळून, पोळं पिळून काढायचे, त्यात पिल्लं आणि माश्या दोन्ही मरायच्या. आता प्रशिक्षणात शिकवतात ते असं की अंगात संरक्षक पोशाख घालायचा, धूर द्यायचा आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग फांदीला तसाच ठेवायचा. माश्या परत बसतात, पोळं भरतात आणि त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळू शकतो. खर्च फारसा नाही आणि फायदा एवढा, तरी हे सगळ्या गावांत पोचलेलं नाही याचं खरंच वाईट वाटतं.

रोगांचं बोलायचं तर 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती प्रचंड प्रमाणात मारल्या. या रोगात अळी कोषात जाण्याआधीच पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. औषध नाही, मजबूत वसाहती निवडून वाढवणं हाच मार्ग. त्यानंतर बरेच मधपाळ मेलिफेराकडे वळले. तिला मध जास्त येतो पण व्हरोआ कोळी (माशीच्या अंगाला चिकटून तिच्यावर जगणारा बारीक परजीवी) तिला फार सतावतो, तो मुळात सातेरीच्या जातीवरचाच कोळी, सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकतात, मेलिफेराला ते तितकं जमत नाही. म्हणून पेट्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना तपासणी हवी.

सगळ्यात दुखरा भाग फवारणीचा. विषबाधा झालेली पेटी ओळखू येते, दारासमोर मेलेल्या माश्यांचा थर आणि बऱ्याच माश्यांची सोंड बाहेर आलेली. युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ही तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, आपल्याकडे यातली पहिली दोन सर्रास वापरात आहेत. बंदी होईल तेव्हा होईल, पण फुलोऱ्यात फवारायचं नाही, फारच गरज पडली तर माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी फवारायचं आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी सांगायचं एवढं तरी गावपातळीवर सक्तीचं करता येईल, मधपाळ रात्री पेटीचं दार बंद करून पेट्या हलवू शकतो. कांदा बियाण्याचे शेतकरी तर परागीभवनासाठी पेट्या भाड्याने आणतात, कारण माशी नसेल तर बी नीट भरत नाही.

केंद्राने 2020 मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला 500 कोटी रुपये जाहीर केले, त्यात चाचणी प्रयोगशाळांनाही मदत आहे, आणि मधपाळांच्या नोंदणीसाठी 2021 मध्ये मधुक्रांती पोर्टल सुरू झालं. भेसळीचा प्रश्न याला जोडूनच येतो. डिसेंबर 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या 22 नमुन्यांपैकी फक्त 5 सगळ्या चाचण्यांत पास झाले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाचा संशय. स्वस्त पाक मध म्हणून विकला गेला की खऱ्या मधपाळाचा भाव पडतो आणि तो पेट्या विकून टाकतो. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला 1 ऑगस्ट 2020 पासून एनएमआर चाचणी (मधातली पाकाची भेसळ पकडणारी प्रयोगशाळेतली चाचणी) सक्तीची केली गेली, आपल्या दुकानातल्या बाटलीलाही तीच लावावी ही मागणी पूर्णपणे रास्त आहे.